व्हिटॅमिन डी घेतल्याने हिपॅटायटिस किंवा एचआयव्ही आटोक्यात येतो का?

हिपॅटायटिस बीवर उपचार घेणाऱ्या माणसाच्या फाइलमध्ये अनेकदा दोन रिपोर्ट मागेपुढे लावलेले असतात. एकात रक्तातल्या विषाणूचं प्रमाण असतं, म्हणजे व्हायरल लोड. दुसऱ्यात व्हिटॅमिन डीचा आकडा असतो आणि त्यापुढे बहुतेक वेळा ‘कमी’ असा शेरा असतो. दोन्ही कागद एकत्र पाहिले की मनात एक प्रश्न येतोच: डी वाढवलं, तर विषाणू कमी होईल का?

सोशल मीडियावर फिरणाऱ्या अनेक संदेशांमध्ये या प्रश्नाचं उत्तर आधीच ‘हो’ असं देऊन टाकलेलं असतं. ऊन घ्या, डीच्या पुड्या घ्या, प्रतिकारशक्ती वाढेल आणि आजार आपोआप जाईल, असा त्यांचा सूर असतो. संशोधकांनीही हाच प्रश्न गांभीर्याने तपासला आहे. त्यातून आलेलं उत्तर मात्र वेगळं आहे.

थोडक्यात सांगायचं तर:

• हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही असलेल्या अनेकांच्या रक्तात व्हिटॅमिन डी कमी आढळतं.
• डी कमी असणं हा बऱ्याचदा आजाराचा किंवा औषधांचा परिणाम असतो, आजाराचं कारण नसतो.
• डीच्या गोळ्यांनी यातला कोणताही संसर्ग बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही.
• कमतरता असेल, तर ती भरून काढणं हाडांसाठी महत्त्वाचं आहे. काही औषधं सुरू असताना तर जास्तच.
• डीच्या भरवशावर विषाणूविरोधी औषध बंद करणं जिवावर बेतू शकतं.

जुनाट विषाणू संसर्ग म्हणजे काय?

सर्दी किंवा फ्लूचा विषाणू शरीरात येतो, काही दिवस त्रास देतो आणि प्रतिकारशक्ती त्याला हाकलून लावते. काही विषाणू मात्र मुक्काम ठोकतात. एखादा संसर्ग सहा महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर हिपॅटायटिसच्या बाबतीत त्याला ‘क्रॉनिक’ म्हणजे जुनाट म्हणतात.

हिपॅटायटिस बीचा विषाणू (गावाकडे या आजाराला ‘पांढरी कावीळ’ही म्हणतात) यकृताच्या पेशींच्या केंद्रकात आपल्या जनुकीय माहितीची एक पक्की प्रत ठेवतो. एचआयव्ही तर आपली माहिती थेट माणसाच्या पेशींमधल्या डीएनएमध्ये गुंफून टाकतो. म्हणूनच या दोन्ही आजारांवरची औषधं विषाणूची वाढ दाबून ठेवतात, पण सहसा त्याला पूर्णपणे घालवू शकत नाहीत. हिपॅटायटिस सीचा विषाणू असा कायमचा साठा मागे ठेवत नाही, त्यामुळे तो औषधांनी पूर्ण बरा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालानुसार, २०२२मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी आणि सुमारे ५ कोटी लोकांना हिपॅटायटिस सी होता. भारतात हा आकडा अनुक्रमे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि ५५ लाख इतका होता. यातल्या बहुतेकांना आपल्याला संसर्ग झाला आहे हेच माहीत नसतं, कारण यकृताचं बरंच नुकसान होईपर्यंत लक्षणं दिसतीलच असं नाही.

व्हिटॅमिन डी शरीरात कसं तयार होतं?

नाव व्हिटॅमिन असलं, तरी डी हे हार्मोनसारखं काम करतं. उन्हातले अतिनील बी किरण त्वचेवर पडले की त्वचेतल्या कोलेस्टेरॉलसदृश पदार्थापासून ते तयार होतं. बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आणि अंड्याचा पिवळा बलक यांतूनही ते थोडंफार मिळतं.

पण त्वचेत तयार झालेलं किंवा पोटात गेलेलं डी लगेच कामाचं नसतं. ते आधी यकृतात जातं. तिथे त्याचं ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ होतं. लॅबमध्ये मोजतात ते हेच. त्यानंतर मूत्रपिंडात त्याचं अंतिम, सक्रिय रूप तयार होतं. या सक्रिय रूपाला कॅल्सिट्रायॉल म्हणतात. अन्नातलं कॅल्शियम आतड्यांतून शोषून घेणं आणि हाडं मजबूत ठेवणं, हे त्याचं सर्वांत पक्कं सिद्ध झालेलं काम.

या साखळीतला एक दुवा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. डीवरची पहिली प्रक्रिया यकृतात होते आणि हिपॅटायटिसचा विषाणू घाव घालतो तोही यकृतावरच.

मग प्रतिकारशक्तीचा संबंध कुठून आला?

हा संबंध काल्पनिक नाही. प्रतिकारशक्तीच्या अनेक पेशींवर व्हिटॅमिन डी ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर असतात. काही पेशी तर मूत्रपिंडावर अवलंबून न राहता डीचं सक्रिय रूप स्वतःच तयार करतात.

२००६मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याकडे जगाचं लक्ष वेधलं. क्षयाच्या जंतूची चाहूल लागली की मॅक्रोफेज नावाच्या पेशी डीच्या मदतीने कॅथेलिसिडिन हा जंतुनाशक पदार्थ तयार करतात, असं त्यात दिसलं. रक्तात डी कमी असेल, तर हा पदार्थही कमी बनत होता.

डीचं दुसरं कामही तितकंच महत्त्वाचं आहे. ते दाह आवरतं, म्हणजे प्रतिकारशक्तीला लगामही घालतं. त्यामुळे ‘डी वाढलं की प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य अर्धवट आहे. शिवाय प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर जे दिसतं, ते माणसाच्या शरीरात गोळी घेतल्यावर घडेलच असं नसतं. ते तपासायला माणसांवरच्या चाचण्या लागतात.

डी कमी आहे म्हणून आजार, की आजार आहे म्हणून डी कमी?

या विषयातली सगळ्यात मोठी गफलत इथे होते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की एक दुसरीचं कारण आहे, असं वाटतं. पण जुनाट संसर्गात डी कमी होण्याची कारणं अनेक आहेत:

• यकृताचं नुकसान: सिरॉसिस झालेल्या यकृतात डीवरची पहिली प्रक्रिया मंदावते. रक्तातून डी वाहून नेणारं प्रथिनही यकृतच बनवतं. ते कमी झालं की रिपोर्टमधला आकडाही खाली येतो.
• दाह: शरीरात दाह असताना रक्तातल्या डीची पातळी घसरते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या काही दिवसांत ती घसरल्याचं आढळलं आहे. तेवढ्या दिवसांत काही कोणाचं ऊन किंवा आहार बदललेला नसतो.
• औषधं: एचआयव्हीवरचं एफाव्हिरेंझ आणि क्षयावरचं रिफाम्पिसिन ही औषधं शरीरातलं डी लवकर मोडून टाकणाऱ्या यंत्रणेला गती देतात.
• दिनक्रम: आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, कमी जेवतो. त्यामुळे ऊन आणि आहार दोन्ही घटतात.

आणखी एक बाब म्हणजे भारतात पूर्णपणे निरोगी असलेल्या अनेकांमध्येही डी कमी आढळतं. त्यामुळे रुग्णाच्या रिपोर्टवरचा ‘कमी’ हा शेरा आजाराची तीव्रता सांगतोच असं नाही.

हिपॅटायटिस सी: आशा वाढली, मग मावळली

डीच्या बाजूने सर्वाधिक आशा निर्माण झाली ती हिपॅटायटिस सीमध्ये. २०१०च्या आसपास या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या दिल्या जात. उपचार अनेकदा ४८ आठवडे चाले, ताप आणि नैराश्यासारखे त्रास होत आणि तरीही अनेकांना गुण येत नसे. डॉक्टर आणि रुग्ण दोघेही आणखी एखाद्या आधाराच्या शोधात होते.

२०१०मध्ये इटलीतल्या एका अभ्यासात दिसलं, की ज्यांच्या रक्तात डी कमी, त्यांच्या यकृतावर व्रण जास्त आणि इंटरफेरॉनचा परिणामही कमी. २०११मध्ये इस्रायलमध्ये ७२ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत रोज २,००० आययू डी दिलं गेलं. डी घेतलेल्या गटात ८६ टक्के, तर न घेतलेल्या गटात ४२ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले. फरक थक्क करणारा होता.

पण चाचणी लहान होती. दुसऱ्या गटाला तुलनेसाठी डमी गोळी दिलेली नव्हती, त्यामुळे कोण काय घेत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. अशा चाचण्यांमध्ये फरक फुगून दिसण्याची शक्यता असते. पुढच्या अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर डीची पातळी आणि उपचाराचं यश किंवा यकृतावरचे व्रण यांच्यात काहीच संबंध आढळला नाही.

हा वाद मिटण्याआधीच प्रश्न मागे पडला. २०१३च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर या औषधाला मंजुरी मिळाली आणि थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्यांचं युग सुरू झालं. आज बहुतेक रुग्णांना १२ आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स दिला जातो आणि सुमारे ९५ टक्के लोक पूर्ण बरे होतात. भारतात ही औषधं २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत मिळतात. या उपचारात डीची पातळी किती आहे, याने यशात विशेष फरक पडत नाही.

हिपॅटायटिस बी: संबंध दिसतो, पुरावा नाही

२०१३मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी जुनाट हिपॅटायटिस बीच्या २०३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तात डी कमी होतं, त्यांच्यात विषाणूचं प्रमाण जास्त होतं. ऋतूनुसार डी वरखाली होई, तसं विषाणूचं प्रमाण उलट दिशेने हलताना दिसलं.

हे निरीक्षण लक्षवेधी आहे, पण ते निरीक्षणच आहे. विषाणूमुळे डी घटलं, डी घटल्यामुळे विषाणू वाढला, की दोन्हींमागे तिसरंच कारण होतं, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. ते ठरवायला एका गटाला डी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी डमी गोळी देऊन तुलना करावी लागते. डीच्या गोळ्यांमुळे हिपॅटायटिस बी नाहीसा होतो किंवा सिरॉसिस आणि यकृताचा कर्करोग टळतो, हे अशा चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही.

टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर या औषधांनी मात्र विषाणू वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो आणि सिरॉसिस व कर्करोगाचा धोका कमी होतो, हे भक्कमपणे सिद्ध झालं आहे. हिपॅटायटिस बी होऊच नये, यासाठी लस उपलब्ध आहे आणि तिचा पहिला डोस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचा असतो.

एचआयव्ही: चार हजार लोकांवरची चाचणी

एचआयव्हीच्या बाबतीत अधिक स्पष्ट उत्तर टांझानियातून मिळालं. तिथल्या दार-ए-सलाम शहरात एचआयव्हीचे उपचार नुकतेच सुरू करणाऱ्या आणि डी कमी असलेल्या ४,००० प्रौढांना दोन गटांत विभागलं गेलं. एका गटाला पहिला महिना आठवड्याला ५०,००० आययू आणि नंतर रोज २,००० आययू डी देण्यात आलं. दुसऱ्या गटाला डमी गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांनाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही नव्हतं.

२०२०मध्ये ‘लॅन्सेट एचआयव्ही’मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. डी घेतल्याने मृत्यूंचं प्रमाण कमी झालं नाही आणि फुप्फुसाचा क्षय होण्याचं प्रमाणही घटलं नाही. आधीच्या निरीक्षणांमध्ये कमी डी असलेल्यांची तब्येत जास्त बिघडताना दिसली होती. पण डी भरून काढल्यावर ती सुधारली नाही. म्हणजे कमी डी हे बऱ्याच अंशी आजारपणाची खूण होतं.

मग डीचा उपयोग कुठे आहे?

हाडांसाठी. आणि एचआयव्हीच्या रुग्णांसाठी ही किरकोळ बाब नाही. एचआयव्हीचे उपचार सुरू केल्यावर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत हाडांची घनता कमी होते. टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल असलेल्या उपचारात ही घट जास्त असते.

अमेरिकेत १६५ जणांवर झालेल्या एका चाचणीत उपचार सुरू करतानाच एका गटाला रोज ४,००० आययू डी आणि १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम देण्यात आलं. ४८ आठवड्यांनी डमी गोळी घेतलेल्या गटात कमरेच्या सांध्यातल्या हाडाची घनता ३.१९ टक्क्यांनी घटली होती, तर डी आणि कॅल्शियम घेतलेल्या गटात १.४६ टक्क्यांनी. म्हणजे झीज निम्म्याहून कमी झाली. २०१५मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले.

सिरॉसिसच्या रुग्णांमध्येही हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो. त्यामुळे डॉक्टर डी तपासून कमतरता भरून काढतात. यामागचा उद्देश फ्रॅक्चर टाळणं हा असतो.

कॅल्शियमची गोळी कधी घ्यायची?

बाजारात डीच्या अनेक गोळ्या कॅल्शियमसोबत येतात. सध्या भारतात सरकारी एआरटी केंद्रांवर एचआयव्हीसाठी मिळणाऱ्या मुख्य गोळीत डोल्युटेग्राव्हिर हे औषध असतं. रिकाम्या पोटी ते कॅल्शियम किंवा लोहासोबत घेतलं, तर पोटातच त्यांना चिकटतं आणि शरीरात कमी शोषलं जातं.

म्हणून दोन पर्याय सांगितले जातात. एकतर दोन्ही गोळ्या जेवणासोबत एकाच वेळी घ्यायच्या किंवा कॅल्शियमच्या किमान दोन तास आधी अथवा सहा तास नंतर डोल्युटेग्राव्हिर घ्यायचं. नुसत्या डीच्या गोळीला किंवा पुडीला ही अडचण नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेली कॅल्शियमची गोळी सुरू करण्याआधी एआरटी केंद्रात सांगणं म्हणूनच गरजेचं आहे.

किती डी पुरेसं?

रक्तातली पातळी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर ती जवळपास सगळ्यांच्या हाडांसाठी पुरेशी आहे, असं अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११च्या अहवालात म्हटलं. अनेक लॅब ३०ची मर्यादा वापरतात, त्यामुळे २४ आकडा असलेल्या माणसालाही ‘कमी’ असा शेरा मिळतो. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज ६०० आययू डीची गरज असते.

कोवळ्या उन्हातून भरपूर डी मिळतं, हा समज मात्र खरा नाही. सकाळी सूर्य खाली असताना अतिनील बी किरण वातावरणातच अडतात. सूर्य माथ्याजवळ असताना, म्हणजे साधारण ११ ते २ या वेळेत, हात, पाय आणि चेहऱ्यावर थोडा वेळ ऊन घेतलं तर डी अधिक चांगलं बनतं. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा मात्र उपयोग होत नाही, कारण काच हे किरण अडवते. शाकाहारी लोकांसाठी डी मिसळलेलं दूध आणि तेल हा पर्याय आहे. अशा पाकिटांवर निळ्या रंगात ‘प्लस एफ’ हे चिन्ह असतं.

जास्त डी घेतलं तर काय होतं?

कमतरता असेल तर डॉक्टर साधारणपणे ६०,००० आययूची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, सहसा आठ आठवडे देतात. काही जण चुकून ती रोज घेतात किंवा कोर्स संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवतात.

डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहज बाहेर पडत नाही. त्याचा अतिरेक झाला की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणं. पुढे मूत्रपिंडात खडे होऊ शकतात, मूत्रपिंड निकामीही होऊ शकतं. टेनोफोव्हिर घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडाच्या कामावर डॉक्टर आधीच लक्ष ठेवून असतात, त्यामुळे त्यांनी याबाबत अधिक सावध राहायला हवं.

सर्वांत मोठा धोका

डीची पुडी प्रमाणात घेतली, तर ती सुरक्षित आहे. धोका आहे तो ‘आता डी सुरू केलंय, मग ती दुसरी गोळी कशाला’ या विचारात. हिपॅटायटिस बीचं औषध अचानक थांबवलं, तर दबलेला विषाणू उसळी मारू शकतो आणि त्यातून यकृत निकामी होऊ शकतं. एचआयव्हीचं औषध थांबवलं, तर काही आठवड्यांत व्हायरल लोड पुन्हा वाढतो. औषध अधूनमधून चुकत राहिलं, तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

म्हणून फाइलमधले ते दोन रिपोर्ट वेगवेगळे वाचायला हवेत. व्हायरल लोडचा कागद विषाणूविरोधी औषध नीट काम करतंय का ते सांगतो. डीचा कागद मुख्यतः हाडांची काळजी किती घ्यावी लागेल ते सांगतो. दुसऱ्या कागदावरचा आकडा सुधारला, म्हणून पहिल्या कागदावरचं औषध बंद करता येत नाही.